जिनीव्हाचा वाद नागपुरात

नागपूरच्या महालात पत्ता सांगताना 'जुने हिस्लॉप कॉलेज' ही खूण आजही सांगितली जाते. कॉलेज तेथून सिव्हिल लाइन्समध्ये गेल्यास कित्येक वर्षे लोटली, तरी नाव जागेस चिकटून राहिले आहे. तिकडे सेमिनरी हिल्सच्या वाटेवर विद्यार्थ्यांच्या तोंडी 'एस. एफ. एस.' ही अक्षरे असतात. पहिले नाव एका स्कॉटिश पाद्र्यांचे, दुसरे सॅव्हॉय प्रांतातील एका संताचे. ह्या दोन नावांमागे एकाच गावातून निघालेला जुना वाद उभा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते गाव म्हणजे जिनीव्हा. आणि वाद असा, की ख्रिस्ती भक्तास एकदा लाभलेले तारण त्याच्या हातून पुन्हा गमावले जाऊ शकते काय?

सोळाव्या शतकात जिनीव्हा येथे जॉन कॅल्व्हिन ह्यांनी शिकविले की, ईश्वराने आपली माणसे अनादिकालापासून निवडून ठेवली आहेत. ही निवड माणसाच्या गुणांवरून झालेली नाही. अर्थात त्याच्या अवगुणांमुळे ती रद्दही होत नाही. स्कॉटलंडच्या चर्चने 1647 साली स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राचे सतरावे प्रकरण ह्याच विषयास वाहिलेले आहे. भक्त घोर पापात पडेल, काही काळ त्यात रुतूनही राहील. परंतु तो समूळ व अखेरचा पडणार नाही, हे त्याचे सार होय. दाविदाने परस्त्रीचा अभिलाष धरला, पेत्राने प्रभूस नाकारले. तरी दोघेही परतले. जो कधीच परतला नाही, त्याची श्रद्धा मुळातच खरी नव्हती, असे ह्या पंथाचे म्हणणे.

रोमन कॅथलिक चर्चने त्याच शतकात, 1547 साली, ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ह्याच्या उलट निर्णय दिला. प्राणघातक पापाने लाभलेली कृपा नष्ट होते. पश्चात्ताप व पापनिवेदन ह्यांच्या द्वारे ती पुन्हा मिळते. आणि खास साक्षात्कार झाल्यावाचून आपण निवडलेल्यांपैकी आहोत अशी खात्री कोणी बाळगू नये, असे तेथे ठरले. प्रॉटेस्टंटांतही एकमत नव्हते. हॉलंडातील आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 साली हा प्रश्न विचारासाठी मोकळा ठेवला. डॉर्टच्या सभेने 1618-19 मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. आणि अठराव्या शतकात जॉन वेस्ली ह्यांनी, भक्त खरोखरच च्युत होऊ शकतो, असे पुन्हा प्रतिपादिले.

हा वाद ग्रंथांपुरताच नव्हता. 1586 च्या सुमारास पॅरिस येथे शिकत असलेल्या फ्रान्सिस डी सेल्स नावाच्या तरुणास, आपण ईश्वराने टाकलेल्यांपैकीच आहो, अशा भयाने ग्रासले. कित्येक आठवडे अन्न व झोप दोन्ही त्यास पारखी झाली. अखेर एका चर्चमध्ये मेरीमातेच्या मूर्तीपुढे त्याने निश्चय केला की, परलोकी काहीही होवो, ह्या जन्मी तरी ईश्वरावर प्रेम करीन. आणि भय ओसरले. पुढे 1602 साली हेच फ्रान्सिस जिनीव्हाचे बिशप झाले. परंतु ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांस आपला कारभार आन्सी गावाहून चालवावा लागला.

आता नागपूरकडे वळू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी 1845 च्या आरंभी येथे आले. वेस्टमिन्स्टरचे विश्वासपत्र हाच त्यांच्या चर्चचा आधार. त्याच वर्षी आन्सी येथे स्थापन झालेल्या, संत फ्रान्सिस ह्यांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे कॅथलिक पाद्री भारतात उतरले. त्यांचे मुख्य ठाणे विशाखापट्टण. पण कामठी-नागपूरचा मुलूख त्यांच्याच कक्षेत होता. 1883 साली हिस्लॉप ह्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. 1887 साली कॅथलिकांचे नागपूर धर्मप्रांत झाले. जिनीव्हा आणि आन्सी ही दोन गावे अशा रीतीने एका भोसल्यांच्या राजधानीत शेजारी आली.

येथील नवख्रिस्ती मनुष्यास हा प्रश्न जितका जिव्हाळ्याचा, तितका युरोपात क्वचितच असेल. मुंबईत 13 सप्टेंबर 1843 रोजी नारायण शेषाद्री ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते हिस्लॉप ह्यांच्याच चर्चचे पाद्री झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता. कोर्टाने त्यास स्वजनांच्या स्वाधीन केले, आणि प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठी खळबळ उडाली. गेलेली जात परत मिळते काय, हा एका भावाचा प्रश्न; आणि जात, घर, आप्त सोडून जे मिळविले तेही गमावेल काय, हा दुसऱ्यासारख्यांचा.

ह्या देशास हा विचार अगदीच परका नाही. श्रीवैष्णवांत ह्यासाठी दोन दृष्टांत आहेत. मांजरी पिलास तोंडात धरून नेते, पिलास काही करावे लागत नाही. वानराच्या पिलास मात्र आईच्या पोटास स्वतः घट्ट बिलगावे लागते. तेंकलै पंथ पहिला दृष्टांत मानतो, वडकलै दुसरा. कॅल्व्हिन पहिल्याच्या जवळ, ट्रेंट दुसऱ्याच्या जवळ, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मात्र पिलू बिलगते तेही कृपेच्याच बळाने, असे ट्रेंटचे आचार्य लगेच जोडतील.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप वाटेतील पुरात बुडून मरण पावले. वय पुरते 46 देखील नव्हते. अशा अकस्मात मृत्यूत पापनिवेदनास अवसर नसतो. त्यांच्या पंथाच्या दृष्टीने त्याची गरजही नव्हती. धरणारा हात त्यांचा नव्हता, ईश्वराचा होता. कॅथलिक मनुष्य अशा मरणापासून राखले जावे म्हणून प्रार्थना करतो. एकास आश्वासन मोठे वाटते, दुसऱ्यास जागरूकता. पण पडलेला मनुष्य दाराशी येऊन उभा राहिला म्हणजे दोन्हीकडचे पाद्री त्यास एकच गोष्ट सांगतात: परत ये. वाद उरतो तो, परतण्याचे बळ त्यास कोणी दिले, एवढ्यापुरता.