पडता पडता वाचलेला ओक: दोन वादळे आणि वृक्षसंगोपनाचा इतिहास

१/८
१५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ आले. उजाडेपर्यंत सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली होती. आज किनारी प्रदेशांत झाडांची जी निगा राखली जाते, तिच्यातील काही धडे त्या रात्रीने दिले आहेत.

२/८
असा संहार तेथे पूर्वीही झाला होता. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळानंतर डॅनियल डिफो केंट परगण्यात उन्मळलेली झाडे मोजत हिंडला आणि १७,००० वर पोहोचल्यावर त्याने तो नाद सोडला. वृत्तपत्रांत जाहिरात देऊन त्याने लोकांकडून हकिकती मागवल्या. त्यांतूनच १७०४ साली 'द स्टॉर्म' हा ग्रंथ सिद्ध झाला.

३/८
१९८७ मध्ये वाऱ्याच्या वेगाइतकाच ऋतूही घातक ठरला. ऑक्टोबरच्या मध्यात पानगळ पुरती झालेली नव्हती. पानांनी भरलेला माथा शिडासारखा वारा धरतो. त्यातच पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती, त्यामुळे मुळांची पकड सैल पडली.

४/८
लंडनच्या क्यू उद्यानाने सुमारे ७०० झाडे गमावली. तेथे १७९८ साली लावलेला 'टर्नर्स ओक' वाऱ्याने मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. कर्मचाऱ्यांनी त्याला टेकू दिले आणि ते अधिक निकडीच्या कामांकडे वळले.

५/८
सुमारे तीन वर्षांनी पाहिले, तर वादळापूर्वी खंगत चाललेले ते झाड टवटवीत झाले होते. वर्षानुवर्षे पर्यटकांच्या पायांखाली दबून माती घट्ट झाली होती. मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे झाले होते. वादळाने झाड उचलताना ती माती मोकळी केली होती. त्यानंतर क्यूमध्ये जुन्या झाडांभोवतीच्या मातीत दाबाने हवा सोडली जाऊ लागली आणि बुंध्याभोवती हिरवळीऐवजी पालापाचोळ्याचे आच्छादन आले.

६/८
उन्मळलेल्या झाडांनी आणखी एक समज मोडला. उंच झाडाची मुळे तितकीच खोल असतात, असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीत, आडवी पसरलेली आढळली. म्हणूनच झाडालगत खणलेला चर किंवा बुंध्यापर्यंत घातलेली फरसबंदी त्याचा आधारच हिरावून घेते.

७/८
आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूड परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या. माडा-पोफळींना पानगळ नसते, म्हणून इंग्लंडचे ऋतुमान येथे जसेच्या तसे लागू होत नाही. येथले वेळापत्रक आगोटीचे आहे. पावसाआधी सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवणे, आंब्या-फणसाच्या वाळक्या फांद्या काढणे, बुंध्याशी पाणी साचू न देणे, ही कामे कोकणी घरांत पूर्वापार चालत आली आहेत. मुळांवरची माती न दाबण्याचा धडा मात्र दोन्ही किनाऱ्यांना सारखाच लागू पडतो.

८/८
वादळानंतरच्या पंचनाम्यात पडलेल्या झाडांची संख्या येते. एक पोफळ का पडली आणि शेजारची का टिकली, हे वाडीत राबणाऱ्यांनाच ठाऊक असते. ज्यांच्या घरी वाडी आहे, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून ते लिहून ठेवावे. एक कोवळी पोफळ फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. तेवढ्या काळात स्मृती पुसट होते. डिफोने पत्रे मागवली नसती, तर १७०३ ची कितीतरी माहिती आज आपल्यापर्यंत पोहोचली नसती.