मधुमेह आणि आशाताई: त्यांची मदत कशी घ्याल?

आशाताई घरी येऊन कंबर मोजतात, तंबाखूबद्दल विचारतात, तेव्हा ‘मला काही त्रास नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. मधुमेहात सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. साखर मात्र वाढलेली असते आणि डोळे, किडनी, नसा यांना इजा होत राहते.

फॉर्म कशासाठी?

आशा योजना २००५ साली सुरू झाली. खेड्यात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. ३० वर्षांवरील व्यक्तींचा त्या ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडील-भावंडांचे आजार यांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण म्हणजे तपासणीची घाई हवी. हे निदान नव्हे. गुण कमी आले तरी तपासणी करायचीच. म्हणून उत्तरे खरी द्या.

पुढे काय?

उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर साखर पाहतात. ती वाढलेली दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल, तर मधुमेहाची शक्यता असते. लक्षणे नसल्यास पुन्हा तपासून खात्री करतात. शासकीय केंद्रात औषधे मोफत मिळतात.

औषध सुरू झाल्यावर

खरी अडचण इथेच येते. बरे वाटले की गोळ्या बंद होतात. आशाताईंना स्पष्ट सांगा:

- गोळ्या संपल्या किंवा सोडल्या आहेत
- गोळीने मळमळ, जुलाब होतात
- पायाला मुंग्या येतात किंवा जखम भरत नाही
- मजुरी बुडते म्हणून तपासणीला जाता येत नाही

त्या तुम्हाला केंद्राशी जोडून देतील. गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस बदलणे मात्र डॉक्टरांचेच काम आहे.

थांबू नका

घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आशाताई पुढच्या वेळी आल्या, की फाईल आणि गोळ्यांची पाकिटे त्यांच्यापुढे ठेवा. कोणती गोळी चुकते आहे, हे त्यातूनच लक्षात येते.