आवडीचा ठराव आणि घरातला दिवा

'आवडी' हा शब्द मराठी कानाला फार जवळचा आहे. प्रीती, भक्ती आणि ओढ या तिन्ही भावना आपल्या संतांनी त्यात सामावून ठेवल्या आहेत. आज मात्र मी बोलणार आहे ते त्या नावाच्या गावाविषयी. चेन्नईहून अरकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहराच्या पश्चिमेस, हे गाव वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराचे मोठे भांडार होते. पुढे १९६० नंतर येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि २०१९ साली या गावाची महानगरपालिका झाली. परंतु भारताच्या इतिहासात आवडीचे नाव नोंदले गेले ते जानेवारी १९५५ मध्ये. ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने, देशाची समाजरचना समाजवादी धर्तीची असावी, असा ठराव येथे संमत केला.

असे मोठे ठराव सामान्य माणसाच्या उंबरठ्याच्या आत कोणत्या वाटेने येतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याची एक वाट विजेच्या तारेवरून जाते. आवडीतल्या एखाद्या मजुराला समाजवादाची व्याख्या ठाऊक नसेल. पण घरात दिवा आहे की नाही, आणि त्याचे बिल भरण्यासाठी कोणता खर्च मागे ठेवावा लागतो, हे त्याला पुरेपूर ठाऊक असते.

या कथेचा आरंभ मात्र आवडीच्याही आधीचा आहे, आणि त्यात दोन मराठी नावे येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते, आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे त्यांनी जो विचार मांडला, त्याचा आशय असा होता की, केवळ शेतीवर विसंबलेल्या या देशाचे दारिद्र्य उद्योगांवाचून हटणार नाही, आणि उद्योग वाढायचे तर वीज स्वस्त व मुबलक हवी. वीज खाजगी मालकीची असावी की सार्वजनिक, हाही प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला.

दुसरे नाव काकासाहेब गाडगीळ यांचे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४८ चा वीजपुरवठा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला आणि राज्याराज्यांतील वीज मंडळांचा पाया घातला गेला. मद्रास राज्याचे मंडळ १ जुलै १९५७ रोजी अस्तित्वात आले. या कायद्यातील दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम ५९ सांगत होते की, मंडळाने शक्यतो तोट्यात कारभार करू नये. कलम ६३ सांगत होते की, राज्य सरकारला मंडळास अर्थसाहाय्य देता येईल. म्हणजे गरिबाला सवलत द्यायची असेल तर खुशाल द्यावी; मात्र तिची किंमत सरकारने आपल्या तिजोरीतून उघडपणे मोजावी. घरगुती वीजबिलाच्या मदतीचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन कलमांमधील ओढाताण होय.

मद्रास राज्यात वीज प्रथम गेली ती शेतातील विहिरींवर. पैकारा आणि मेत्तूर येथील जलविद्युत्केंद्रे स्वातंत्र्यापूर्वीचीच होती. कामराजांच्या काळात तारा खेडोपाडी पोहोचल्या आणि शेतीपंपांच्या बाबतीत हे राज्य देशात आघाडीवर गेले. झोपडीची पाळी मागाहून आली. एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत झोपड्यांना एका दिव्यापुरती मोफत वीज मिळू लागली. मीटर नाही, बिल नाही. चाळीस वॅटचा एक दिवा, एवढीच तिची मर्यादा. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने 'कुटीर ज्योती' ही योजना देशभरातील गरीब घरांसाठी सुरू केली, तिच्यामागेही एका दिव्याचीच कल्पना होती.

पण माणसाच्या गरजा एका दिव्यापाशी थांबत नाहीत. २००६ नंतर तामिळनाडूत सरकारनेच घरोघरी दूरदर्शन संच वाटले, २०११ नंतर पंखे, मिक्सर आणि दळणयंत्रे वाटली. उपकरण फुकट मिळाले, तरी ते चालवणे फुकट नसते. मग २३ मे २०१६ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच जयललितांनी प्रत्येक घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांच्या बिलात पहिले १०० युनिट मोफत देण्याची घोषणा केली.

१०० युनिट म्हणजे किती, याचा हिशेब आपणही मांडून पाहू. चाळीस वॅटचा एक दिवा रोज पाच तास जळला, तर साठ दिवसांत १२ युनिट होतात. पंच्याहत्तर वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला, तर ५४ युनिट होतात. म्हणजे दोन दिवे आणि एक पंखा मिळून ७८ युनिट. चेन्नईच्या उकाड्यात लहान मूल रात्रभर शांत झोपावे, एवढी सोय या सवलतीत निश्चित होते. अमेरिकेत १९८१ पासून आणि ब्रिटनमध्ये १९९७ पासून घर ऊबदार ठेवण्यासाठी सरकार मदत देत आले आहे. तिकडे थंडीचे भय, इकडे उष्म्याचे. घर राहण्याजोगे असावे, ही अपेक्षा मात्र एकच.

तरीही दोन प्रश्न उरतात. पहिला पैशाचा. ही सवलत गरीब-श्रीमंत असा भेद न करता दिली गेली. अर्ज नाही, दाखला नाही, कचेरीत खेटे घालणे नाही, हा तिचा मोठा गुण. कागदपत्रांच्या अटीपायी खरा गरजू कसा मागे राहतो, हे सरकारी चाकरीत मी पुष्कळदा पाहिले आहे. पण तिचा भारही तेवढाच मोठा. जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडू 'उदय' योजनेत सामील झाले, तेव्हा वीज कंपनीचे सुमारे २२,८०० कोटी रुपयांचे कर्ज राज्याला आपल्या शिरावर घ्यावे लागले. ते कर्ज एकट्या या सवलतीचे नव्हते. अनेक वर्षांच्या अपुऱ्या दरांचे आणि महागड्या खरेदीचे ते फळ होते. आपल्या महाराष्ट्रानेही हा अनुभव घेतला आहे. शेतीपंपांना २००४ साली दिलेली मोफत वीज पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली, आणि २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा आली. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६५ ने म्हणूनच बजावले की, सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. काकासाहेबांच्या काळातील कायद्याने जे सुचवले होते, तेच पंचावन्न वर्षांनी आज्ञेच्या स्वरूपात पुन्हा लिहावे लागले!

दुसरा प्रश्न मला अधिक बोचतो. सवलत मिळते ती मीटरला, माणसाला नव्हे. चेन्नईच्या उपनगरांत कामगारांची अनेक बिऱ्हाडे भाड्याच्या खोल्यांत राहतात. कित्येक ठिकाणी मीटर घरमालकाच्या नावाचा असतो, आणि मालक युनिटमागे आपल्या मनाचा दर लावून बिऱ्हाडकरूंकडून पैसे घेतो. तीन-चार बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली, की त्यांचा एकत्रित वापर वरच्या दराच्या टप्प्यात जातो. स्वतंत्र मीटर असता तर ज्या कुटुंबाचे बिल शून्य आले असते, ते अशा वेळी बंगल्यातल्या माणसाहून महाग वीज वापरते. मदत तिजोरीतून निघते, तारेवरून धावत येते आणि भाडेकऱ्याच्या दाराशी येऊन अडते.

आवडीच्या ठरावाला सत्तर वर्षे होऊन गेली. तो कितपत सफल झाला, याचा निवाडा विद्वान करतीलच. मला त्याची एक साधी कसोटी सुचते. ज्या गावात तो संमत झाला, त्या गावातील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला आपल्या नावाचा मीटर मिळतो का, आणि तिच्या सवलतीची किंमत सरकारच्या हिशेबात उघडपणे मांडलेली असते का? या दोन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर ज्या दिवशी देता येईल, त्या दिवशी तो ठराव तिच्या उंबरठ्याच्या आत पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.