तळटीप २३ : दमसाला नाला

२३. दमसाला नाला : ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातून वाहणारा ओढा, पुढे ब्राह्मणी नदीला मिळतो. हा भाग आता जाजपूर जिल्ह्यात आहे. १९९३ पर्यंत तो कटक जिल्ह्यात मोडत असे, म्हणून लेखक त्याला ‘कटककडचा’ म्हणतात. भारतातील ज्ञात क्रोमाइटपैकी ९० टक्क्यांहून अधिक साठा याच खोऱ्यात आहे. खनिजातला क्रोमियम त्रिसंयुजी असतो, पाण्यात जेमतेम विरघळतो आणि सहसा कोणाला बाधत नाही. खाणीत दगड फुटून हवा-पाण्याला उघडा पडला की त्यातील काही भाग, विशेषतः मँगनीजच्या ऑक्साइडांच्या सान्निध्यात, षट्संयुजी होतो. हे रूप सहज विरघळते, विहिरींपर्यंत झिरपते आणि कर्करोगकारक आहे. नाल्यात ते खाणींतून उपसलेल्या पाण्याबरोबर येते; पावसाळ्यात टाकाऊ दगडमातीच्या ढिगांवरूनही वाहत येते. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात हिराकस घालून त्याला पुन्हा त्रिसंयुजी करणे व खाली बसलेला गाळ वेगळा काढणे. उपाय जुनाच, पण पावसाळ्यातला लोंढा संयंत्रासाठी थांबत नाही. २००७ साली ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटच्या जगातील दहा अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत सुकिंदा होते, गुजरातमधील वापीही. लेखकाने पाण्याच्या पिवळेपणावर दिलेला भर मात्र जपून वाचावा : पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम (एकूण क्रोमियम) आहे आणि तिच्या कितीतरी पट क्रोमियम असलेले पाणीही डोळ्यांना नितळ दिसू शकते. — संपा.