माँ ब्लाँवरील मदतकार्य (१९५६-५७) : धोका आणि कर्तव्य

संकटग्रस्ताचा जीव वाचविण्यासाठी मदतकर्त्याने स्वतःचा जीव किती धोक्यात घालावा, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. परंतु तो इतिहासाचाही आहे. कारण साधने व अधिकारव्यवस्था बदलली की धोक्याचे प्रमाणही बदलते. आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावरील एक घटना या दृष्टीने विचारार्ह आहे.

१९५६ च्या नाताळात झाँ व्हेंसांदाँ हा फ्रेंच व फ्राँस्वा आंरी हा बेल्जियन, असे दोन तरुण गिर्यारोहक वादळात सापडले आणि सुमारे ४,००० मीटर उंचीवर हिमदंशाने असहाय होऊन पडले. भर हिवाळ्यात पायी पथक पाठविणे अतिधोक्याचे मानून मुख्य भिस्त विमानदलावर ठेवण्यात आली. लिओनेल तेरे या विख्यात वाटाड्यास हे मान्य नव्हते; त्याने स्वयंसेवकांसह स्वतंत्रपणे चढाई आरंभिली. ३१ डिसेंबर रोजी दोन वैमानिक व दोन मार्गदर्शक यांना घेऊन आलेले सिकॉर्स्की हेलिकॉप्टर तेथेच कोसळले. येथे सारा हिशेब पालटला : तारणारेच संकटग्रस्त झाले. चालू न शकणाऱ्या त्या दोघा तरुणांना मोडलेल्या यंत्राच्या आश्रयास ठेवून मार्गदर्शकांनी वैमानिकांना व्हालो आश्रयगृहाकडे नेले. ३ जानेवारी १९५७ रोजी हलक्या ‘आलुएत’ हेलिकॉप्टरने मदतकर्त्यांची सुटका झाली. त्या दोघांसाठी मात्र पुन्हा कोणी उतरले नाही. त्यांचे देह मार्चमध्ये खाली आणण्यात आले.

मदतकर्त्यांना निष्ठुर ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. खरा दोष अन्यत्र होता. ४,३६२ मीटर उंचीवरील याच व्हालो आश्रयगृहातून जुलै १९५६ मध्ये ‘आलुएत’ने एका हृदयविकारग्रस्त गिर्यारोहकास खाली आणले होते. म्हणजे योग्य साधन अस्तित्वात होते. ते वेळीच मागविण्याची बांधिलकी कोणावरही नव्हती. शिवाय, प्रतीक्षा निर्धोक भासली तरी तिची किंमत आपद्ग्रस्त चुकवीत होते. न जाणे हाही एक निर्णयच होता.

१९५८ मध्ये फ्रान्सने पर्वतीय मदतकार्याची जबाबदारी शासनाकडे घेतली व शामोनी येथे त्यासाठी सशस्त्र पोलिसांचे खास पथक उभारले. धोका त्यामुळे नाहीसा झाला नाही. परंतु तो कोणी, कोणत्या साधनांनिशी व कोणत्या मर्यादेपर्यंत पत्करावयाचा, हे संकटापूर्वी ठरविता येऊ लागले. धोका व गरज यांचा तोल ऐन प्रसंगी साधावयाचा, तर तराजू आधीच सिद्ध असावा लागतो, हाच या घटनेचा निष्कर्ष होय.