ऊर्जा-विधिज्ञ (धाराशिव जिल्हा)

ऊर्जा-विधिज्ञ : वीजनिर्मिती, पारेषण व वितरण यांचे नियमन आणि तत्संबंधी व्यवहार यांत पक्षकारांस साहाय्य देणारा वकील. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर पवनचक्की उभी राहण्यापूर्वी सातबारा, फेरफार व इनामाचे जुने दस्तऐवज पारखून, १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याचे निर्बंध ध्यानी घेऊन, भाडेपट्ट्याचा वा खरेदीखताचा मसुदा त्यास सिद्ध करावा लागतो. वीजखरेदी कराराविषयी निर्मितीकंपनी व वितरण परवानाधारक यांत तंटा उद्भवल्यास, विद्युत अधिनियम, २००३ अन्वये तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे (स्थापना १९९९), तेथून अपिलीय न्यायाधिकरणापुढे आणि अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे चालतो. जमिनीच्या कराराची प्रत्येक अट जमीनधारक शेतकऱ्यास मराठीत उलगडून सांगणे, हे या विधिज्ञाचे परम कर्तव्य होय.