वनप्रवाससाहित्य, पुनरभिनयातील

ऐतिहासिक अथवा कल्पित जगातील एखाद्या प्रवाशाची भूमिका घेऊन रानावनांतून प्रत्यक्ष वाटचाल व मुक्काम करताना वापरावयाची, जुन्या धाटणीने बनविलेली वस्त्रे, पादत्राणे, पिशव्या, भांडी, हत्यारे व अग्निसाधने यांचा संच. गतकाळातील जीवन तत्कालीन वेश व साधने धारण करून अनुभवण्याच्या उपक्रमास पुनरभिनय म्हणतात. लढाईच्या पुनरभिनयात पोशाख दुरून शोभला की काम भागते. वनप्रवासात तोच पोशाख पावसात भिजतो, काट्यात अडकतो आणि रात्री अंथरूण-पांघरूण म्हणूनही वापरावा लागतो. त्यामुळे त्यातील खोटेपणा पहिल्या मुक्कामातच उघडा पडतो. जॉन रॉनल्ड रूएल टॉल्कीन (१८९२–१९७३) या ब्रिटिश लेखकाच्या कादंबऱ्यांतील वनरक्षक, बुटके इ. पात्रांच्या धर्तीवर असा संच जमविण्याची हौस यूरोप-अमेरिकेत रूढ झाली असून तिने इतिहाससंशोधनापुढेही काही रोचक प्रश्न उभे केले आहेत.

या छंदाची मुळे एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी मध्ययुगप्रेमात सापडतात. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे तेथील अर्लने मध्ययुगीन पद्धतीची शस्त्रस्पर्धा भरविली. मुसळधार पावसाने पहिल्याच दिवशी तिचा विचका केला आणि राजवेशातील लॉर्ड लंडनडेरी यांना छत्री उघडावी लागली. हौसेचा वेश आणि हवामान यांचा सामना झाला की काय होते, याचे हे आरंभीचे व बोलके उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्नेस्ट टॉम्प्सन सीटन (१८६०–१९४६) यांनी अमेरिकेत वनविद्येचा प्रसार केला. त्यांच्या विचारांचा प्रभाव असलेले जॉन हारग्रेव्ह (१८९४–१९८२) यांनी १९२० मध्ये इंग्लंडमध्ये ‘किंड्रेड ऑफ द किबो किफ्ट’ हा संघ स्थापन केला. बालवीर चळवळीतील लष्करी वळणास कंटाळलेल्या या मंडळींत स्त्रियांनाही स्थान होते. टोपडे जोडलेली आखूड बंडी व लांब झगा असा सॅक्सन धर्तीचा वेश आणि रंगविलेले हलके तंबू सदस्य स्वतः तयार करीत व ते पाठीवर घेऊन पदयात्रेस निघत. कल्पित भूतकाळाचा वेश घालून रानात राहण्याची संघटित प्रथा टॉल्कीनच्या कादंबऱ्यांहून जुनी आहे, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६६ मध्ये ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही मध्ययुगप्रेमींची संस्था सुरू झाली. १९७७ मध्ये अमेरिकेतच सुरू झालेल्या ‘डॅगोरहीर’ या लुटुपुटीच्या युद्धखेळाचे नाव तर टॉल्कीनने रचलेल्या भाषेतूनच घेतलेले आहे. यांहून वेगळी व अधिक कठोर अशी परंपरा १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन माउंटन मेन’ या संघटनेची. फासे लावून रानटी जनावरे पकडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील कातडीव्यापाऱ्यांच्या साधनांनिशी रानात राहणे, ही तिच्या सदस्यत्वाची कसोटी होय. पीटर जॅक्सन यांच्या २००१–०३ मधील चित्रपटत्रयीने टॉल्कीनच्या पात्रांस मळकट, झिजलेले, वापरातील वाटणारे कपडे दिले. त्यानंतर तसे कपडे आपण खरोखरच वापरून का पाहू नयेत, असा विचार अनेकांनी केला.

अशा संचासाठी पुरावा कोठून घ्यावयाचा, हा यातील खरा प्रश्न आहे. राजेरजवाड्यांची चिलखते शस्त्रागारांत टिकली. सामान्य वाटसरूची घोंगडी, झोळी व जोडे मात्र झिजून, कुजून किंवा चिंध्या होऊन नाहीसे झाले. जे उरले ते बर्फाने, दलदलीने अथवा समुद्राच्या गाळाने राखले. स्वीडनमधील वार्बेरीजवळ १९३६ मध्ये बोक्स्टेन येथील दलदलीत चौदाव्या शतकातील एका खून झालेल्या पुरुषाचे शव सापडले. त्याच्या अंगावर लोकरी अंगरखा, झगा, पायमोजे, पायांस गुंडाळावयाच्या पट्ट्या व सु. ९० सेंमी. लांब शेपटी असलेले टोपडे असा जवळजवळ संपूर्ण पोशाख होता. दक्षिण ग्रीनलंडमधील हेर्योल्फस्नेस येथे पाउल नॉरलुंड यांनी १९२१ मध्ये केलेल्या उत्खननात गोठलेल्या जमिनीतून अनेक अंगरखे व टोपडी निघाली. शवपेटीऐवजी मृतांना वापरलेल्या कपड्यांत गुंडाळून पुरल्यामुळे ती मिळाली. वनरक्षकाच्या वेशासाठी आज जे कातरकाम वापरले जाते, त्यातील बराच भाग या दोन शोधांवर आधारलेला आहे.

१९९१ मध्ये आल्प्स पर्वतात ३,२०० मी.हून अधिक उंचीवर सापडलेला ‘अट्झी’ हा सु. ५,३०० वर्षांपूर्वीचा मनुष्य त्याहून मोलाचा ठरतो, कारण तो प्रवासात असतानाच मारला गेला. तांब्याची कुऱ्हाड, अर्धवट घडविलेले धनुष्य, चौदा बाण, गारेची कट्यार आणि भूर्जाच्या सालीचे दोन डबे त्याच्याजवळ होते. एका डब्यात मेपलच्या ओल्या पानांत गुंडाळलेले निखारे नेले जात असावेत. अस्वलाच्या कातड्याचे तळ, हरणाच्या कातड्याचा वरचा भाग आणि आत गवताची भर अशी त्याच्या जोड्यांची रचना होती. चेक संशोधक पेत्र ह्लावाचेक यांनी तसे जोडे बनवून पर्वतावर वापरून पाहिले, तेव्हा ते उबदार व चांगली पकड घेणारे ठरले. मात्र त्याच्या गवती आवरणास झगा म्हणावे की चटई, याविषयी एकमत नाही. पाठीवरील ओझ्याची मानलेली लाकडी चौकटही वादातीत नाही.

पुराव्यातील अशा पोकळ्या हौशी मंडळी तर्काने भरतात आणि पुढे तर्कच परंपरा बनतो. हेडेबी या व्हायकिंगकालीन नगरात कोरीव लाकडी दांड्या सापडल्या. त्या पिशवीच्या मुठी असाव्यात असे मानून कापडी वा चामडी पिशव्या बनविल्या गेल्या आणि आता व्हायकिंग प्रवाशाच्या खांद्यावर ती पिशवी नसेल तर वेश अपुरा वाटतो. मूळ पिशवी कोणीही पाहिलेली नाही. ऊसेबॅर्ग (दफन इ. स. ८३४) व गोकस्टाड येथील नौकांबरोबर मिळालेल्या तंबूंच्या फळ्यांचीही अशीच कथा आहे. त्या जड फळ्या जहाजातून नेण्याजोग्या होत्या. पायी जाणाऱ्याने त्या पाठीवर वाहिल्या असतील हे संभवत नाही.

तसे पाहता पाठीवर मुक्कामाचे सारे सामान घेऊन निर्जन रानात शिरणारा हौशी पदयात्री ही मध्ययुगातील नव्हे, तर अलीकडील काळातील व्यक्ती आहे. यात्रेकरू धर्मशाळेत उतरत, व्यापारी सराईत, गुराखी गोठ्यात. यात्रेकरूंच्या चित्रांत काठी, रुंद काठाची टोपी व लहानशी पडशी एवढेच दिसते. हिएरोनिमस बॉस (सु. १४५०–१५१६) या चित्रकाराच्या रॉटरडॅम येथील वाटसरूच्या चित्रात पाठीवर वेताची करंडी, तिला अडकविलेला लाकडी डाव व मांजराचे कातडे आणि दोन पायांत दोन प्रकारची पादत्राणे आहेत. अशा विजोड, ठिगळ लावलेल्या सामानाचे अनुकरण फार थोडे करतात. सर्व वस्तू एकाच कारागिराकडून नव्या आणलेल्या असतात.

द्रव्यांच्या निवडीत लोकरीचे स्थान पहिले. ती आपल्या कोरड्या वजनाच्या सु. तीस टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही आणि ठिणगी पडल्यास कृत्रिम धाग्यांप्रमाणे वितळत नाही. आत तागाचा सदरा, वर खळवून दाट केलेल्या लोकरीचा अंगरखा, त्यावर टोपडे व झगा हा क्रम उत्तर यूरोपच्या हवेस योग्य ठरतो. झगा हेच रात्रीचे पांघरूण. महाराष्ट्रातील धनगर एकाच घोंगडीचा अंथरूण, पांघरूण व पावसातील खोळ असा त्रिविध उपयोग करतात, ते पाहिले असता या व्यवस्थेतील शहाणपण लक्षात येते. याउलट मध्ययुगीन जोडे उलटे शिवून मग पलटविलेले, एकपदरी तळाचे असत; खडकाळ वाटेवर ते लवकर झिजतात. त्यामुळे जुन्या धाटणीच्या जोड्यास गुप्तपणे रबरी तळ लावण्याची तडजोड सर्वत्र आढळते. अग्निसाधनांत चकमकीचे पोलाद, गारगोटी व झाडावरील अळंबीपासून केलेला पेटवण वापरतात. अट्झीजवळही अशी अळंबी होती. पण तिच्यात लोहमाक्षिकाचे कण आढळले, पोलाद त्याच्या काळी नव्हतेच. ताम्रयुगीन वेशाबरोबर पोलादी चकमक बाळगणे हा म्हणूनच दोष होय.

कल्पित जगास हा नियम लागू नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. टॉल्कीनच्या जगात तंबाखू व बटाटे आहेत, बिल्बो या पात्राजवळ आगकाड्या व हातरुमाल आहेत. त्याचे गाव म्हणजे व्हिक्टोरियाकालीन इंग्लिश खेडेच. त्याच जगातील घोडेस्वारांचे राष्ट्र अँग्लो-सॅक्सन धर्तीचे आहे. तथापि लेखक बेफिकीर नव्हता. १९६६ च्या आवृत्तीत त्याने टोमॅटो काढून त्याजागी लोणचे घातले. हॉबिटाने जाकीट घालणे त्यामुळे सुसंगत ठरते, वनरक्षकाने ते घालणे विसंगत. आपले पात्र कोणत्या प्रदेशातील, कोणत्या ऋतूत निघालेले, त्याला लोखंड व कापड कोण पुरविते, हे आधी ठरवून त्यास जवळचा असा एक वास्तव काळ व प्रदेश आधार म्हणून घेणे, ही अनुभवी मंडळींची पद्धत आहे. संग्रहालयात नसलेल्या जगासाठी पुरावा सैल होत नाही. उलट प्रत्येक वस्तूचे समर्थन करण्याची जबाबदारी करणाऱ्यावरच येते.

काही तडजोडी उघडपणे मान्य केल्या जातात. प्रथमोपचाराचे सामान, चष्मा, औषधे व पाणी शुद्ध करण्याची साधने तागी पिशवीत झाकून नेतात. हत्यारांबाबत स्थानिक कायदा पाहावा लागतो : ब्रिटनमध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमानुसार योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी धारदार पाते बाळगणे हा गुन्हा असून केवळ ७·६२ सेंमी. पर्यंतच्या पात्याच्या घडीच्या चाकूस त्यातून सूट आहे. कमरेस लटकणारा म्यानातील चाकू त्यामुळे बहुधा गाठोड्यात बांधून शिबिरस्थळी न्यावा लागतो. उघड्यावर शेकोटी पेटविण्यासही अनेक वनक्षेत्रांत बंदी असते. तेथे चकमक केवळ कमरेला लटकत राहते.